पाच किलोचा शिकारी

1819 सालची गोष्ट. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन रसेल या तरुणाला जवळच्या गावातल्या एका दूधवाल्याकडे एक कुत्री दिसली आणि त्याने ती तिथल्या तिथे विकत घेतली. पांढरीशुभ्र, डोळ्यांवर आणि कानांवर तांबूस डाग, शेपटीच्या मुळाशी आणखी एक लहानसा ठिपका. नाव ट्रम्प. रसेल पुढे डेव्हनमधल्या स्विमब्रिज गावचे पाद्री झाले, पण कोल्ह्याच्या शिकारीचा नाद त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही. ट्रम्पपासून त्यांनी जो वंश वाढवला, त्याच्याच एका शाखेला आज आपण जॅक रसेल टेरियर म्हणतो. हे कुत्रं आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही येतं, आणि वर्षभरात घरची माणसं टेकीला येतात. सोफा उकरतं, बेल वाजली की भुंकणं थांबत नाही, हाक मारली तर ढुंकूनही बघत नाही. हा स्वभाव कशासाठी घडवला गेला ते आधी समजून घेतलं, तर त्याला शिकवायची वाट आपोआप दिसायला लागते.

रसेल यांच्या शिकारीत दोन जातींची कुत्री असत. हाउंडांचा कळप घोडेस्वारांच्या पुढे कोल्ह्याचा माग काढत धावायचा. कोल्हा बिळात शिरला की हाउंडचं काम संपलं. ते धिप्पाड जनावर आत जाणार कसं? मग टेरियर सोडायचा. त्याने अंधारात, वळणावळणाच्या भुयारात एकट्याने जायचं, कोल्ह्याला गाठायचं आणि त्याच्यासमोर पाय रोवून भुंकत राहायचं, तो दुसऱ्या तोंडाने बाहेर पडेपर्यंत. कोल्ह्याला ठार मारणारा टेरियर रसेल यांना नको होता, कारण मग शिकारच संपते. आणि कोल्हा बाहेर निघालाच नाही, तर वरची माणसं भुंकण्याच्या आवाजावरून जागा हेरून खणायला लागत.

आजही या जातीचं परीक्षण करताना परीक्षक कुत्र्याच्या खांद्यामागे दोन्ही तळहात लावून छाती मापतो. मध्यम हाताच्या माणसाची बोटं खाली आणि अंगठे वर पाठीवर जुळले पाहिजेत. जॅक रसेलच्या छातीचा घेर साधारण 40 ते 43 सेंटीमीटर धरतात, आणि बरगड्या दाबल्यावर किंचित आत गेल्या पाहिजेत. छाती याहून रुंद असली तर कुत्रं बिळात अडकणार. अंगाचं माप जसं बिळाने ठरवलं, तसा स्वभावही बिळानेच ठरवला.

बिळात मालकाचा आवाज पोचत नाही. पुढे जायचं की मागे सरायचं, हे कुत्र्याने स्वतःच ठरवायचं. दर पावलाला वळून धन्याच्या तोंडाकडे बघणारं कुत्रं तिथे कुचकामी. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या अशाच कुत्र्यांची पिल्लं घेतली गेली, जी विचारायला थांबत नाहीत. आपण याला हट्टीपणा म्हणतो. माझ्या मते तो शब्द अन्यायाचा आहे. या कुत्र्याला स्वतःच्या निर्णयावर विसंबायलाच घडवलंय. भुंकण्याचंही तसंच. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलीने गप्प राहून नजरेने काम करायचं, टेरियरने मात्र आवाज बंद केला तर वरच्यांना तो सापडणारच नाही. उकरणं हे तर त्याचं हत्यार.

कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे रेमंड कॉपिंजर शिकारीचं काम पायऱ्यांनी समजावत: हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मग मारक चावा. कॉलीत नजर आणि दबा ठळक आहेत, पुढचं दबलेलं आहे. लॅब्रॅडॉरने पक्षी तोंडात धरायचा, पण चिरडायचा नाही. टेरियरमध्ये शेवटच्या पायऱ्याही शाबूत आहेत. गुंडाळलेला मोजा तोंडात धरून तो मान डावी-उजवीकडे गदागदा झटकतो ना, तो उंदराचा मणका मोडायचा झटका आहे. मोज्याबरोबर बघायला गंमत वाटते, पण घरात ससा, गिनीपिग किंवा पक्षी असेल तर त्यांना आणि टेरियरला कधीही एकटं सोडू नका. लहानपणापासून एकत्र वाढले असले तरीही नाही.

आता शिकवण्याकडे. पहिली चूक बहुतेक घरांत एकच होते: फार ऊर्जा आहे म्हणून पळवायचं. सकाळी तासभर धावणं, संध्याकाळी चेंडू शंभरदा फेकणं. महिन्याभरात कुत्र्याचा दम वाढतो आणि त्याला आता दीड तास लागतो. शिवाय चेंडूमागे सतत धावण्यात पाठलागाची नशा चढत जाते, उतरत नाही. चालणं, धावणं हवंच, पण टेरियरला खरा थकवा येतो तो नाकाने. रोजचं जेवण वाडग्यात देण्याऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदांत लपवा, किंवा पायपुसण्याच्या घड्यांत पेरा. पंधरा मिनिटं हुंगून, उकरून, फाडून त्याने जेवण शोधलं की तो आपणहून जाऊन पडतो. झोपही पुरेशी मिळाली पाहिजे. वाढत्या पिल्लाला दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते. संध्याकाळी सैरावैरा धावून पायांना चावणारं पिल्लू पुष्कळदा जास्त ऊर्जेचं नसतं, झोपेला आलेलं असतं.

चावण्यावरून निपर आठवतो. जुन्या मराठी घरांत नाट्यगीतांच्या तबकड्यांवर कर्ण्याकडे कान लावून बसलेलं ते एचएमव्हीचं कुत्रं. 1884 मध्ये ब्रिस्टलला जन्मलेला हा संमिश्र रक्ताचा टेरियर पाहुण्यांच्या पोटऱ्यांना दात लावायचा, म्हणून त्याचं नाव निपर पडलं. हलणारी पोटरी टेरियरला खुणावतेच. पिल्लाने दात लावला की ओरडू नका, पाय झटकू नका. त्याने खेळ अधिकच रंगतो. जागच्या जागी थांबा, चावायला एक जाड सुती दोरी पुढे करा.

ही जाड सुती दोरी म्हणजे टेरियरच्या शिक्षणाचं मुख्य साधन. तिच्यावर 'सोड' शिकवायचं ते असं. दोरी जमिनीवर वेडीवाकडी पळवा, त्याला पकडू द्या, दहा-पंधरा सेकंद खेचाखेची होऊ द्या, गुरगुरू द्या. मग अचानक दोरीचा हात आपल्या मांडीला टेकवा आणि पूर्ण निश्चल व्हा. ओढू नका, बोलू नका, डोळ्यांत बघू नका. तो अजून जोराने ओढेल, झटकेल. पण दोरीत आता जीव नाही, आणि मेलेल्या सावजात टेरियरला रस उरत नाही. जबडा सैल पडतो, दोरी सुटते. त्याच क्षणी 'घे' म्हणा आणि दोरी पुन्हा पळवा. खाऊ द्यायची गरजच नाही. सुटलेली शिकार परत जिवंत झाली, हेच त्याचं बक्षीस. हात मांडीला टेकताच तो सोडायला लागला, की मगच टेकवण्याच्या क्षणभर आधी 'सोड' हा शब्द जोडा. तो सोडायला शिकण्याआधीच शब्द वापरला, तर शब्द वाया जातो. पुढे सोडल्यावर 'बस', बसल्यावर 'घे'. खेळाच्या ऐन भरात शब्द ऐकू येण्याची ही तालीम आहे, आणि टेरियरला नेमकी तीच कठीण जाते.

यामागे 1959 मध्ये डेव्हिड प्रीमॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं तत्त्व आहे. प्राण्याला जे करायची ओढ जास्त, ते कमी ओढीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. हाकेला येणं याच तत्त्वावर शिकवा. छातीचा हार्नेस घाला, त्याला पाच-सात मीटरची लांब दोरी लावा. गळ्याच्या पट्ट्याला लांब दोरी नको, धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. तो झुडपात हुंगत असताना हाक मारा. आला की खाऊ, आणि लगेच 'जा' म्हणून त्याच झुडपाकडे परत पाठवा. दहा हाकांपैकी नऊ हाकांना मोकळीक परत मिळत असेल तर तो येतो. प्रत्येक हाकेनंतर घरी जायचं असेल, तर तो हाक चुकवायला शिकतो आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

मारणं, ओरडणं, दोरीचे हिसके यांचा या जातीवर उलट परिणाम होतो, असं मी ठामपणे सांगेन. कोल्ह्याने चावा घेतला तरी मागे न सरणारी कुत्रीच निवडून वाढवलीत. दुखापतीने त्यांचा आवेश चढतो. बेलला भुंकणं थांबवायचं तर बेल वाजताच खाऊ विखुरायची एक ठरलेली जागा, एखादी सतरंजी, पक्की करा. नाक खाली गेलं की भुंकणं थांबतं. उकरण्यासाठी बाल्कनीत वाळूचा पसरट टब ठेवा आणि त्यात रोज काही पुरा. उकरणं बंद होणार नाही, पण सोफा वाचेल.

परदेशात बीळ-कामाच्या चाचण्याही होतात. अमेरिकन केनेल क्लबच्या पहिल्या पायरीला नऊ इंच रुंद-उंच, 30 फूट लांब, तीन वळणांचं लाकडी भुयार असतं. टोकाला सुरक्षित पिंजऱ्यात उंदीर. त्यांच्यापुढे कुत्र्याने सलग एक मिनिट काम करून दाखवायचं. उंदरांना इजा होत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये खऱ्या बिळातल्या कामावर 2005 पासून कायद्याने कडक मर्यादा आहेत.

आपल्याकडे मात्र खरे उंदीर आणि घुशी दाराशी आहेत. पावसाळ्यात मुंबईच्या गटारांकडेच्या डबक्यांत टेरियर नाक घालतो, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा (लेप्टोचा) संसर्ग कुत्र्याला होतो, कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. लेप्टोची लस दरवर्षी चुकवू नका. गावाकडे किंवा फार्महाउसवर नेलं तर गवतात मोकळं सोडू नका. नाग किंवा घोणस दिसली की दुसरं कुत्रं दुरून भुंकेल. टेरियर तोंड घालतो.

एवढं सगळं करायला कोणी रिकामं आहे का, असा प्रश्न रास्त आहे. नसेल तर ही जात घेऊ नये, हे स्पष्ट सांगावं लागतं. 'फ्रेझर' मालिकेत एडी झालेला मूस आणि 2011 च्या 'द आर्टिस्ट' चित्रपटातला अगी, दोघेही जॅक रसेल, दोघांनाही आधीच्या घरांनी आवरत नाही म्हणून नको म्हटलं होतं. प्रशिक्षकांच्या हाती तीच ऊर्जा कामाला लागली. पडद्यावरची शहाणी कुत्री बघून पिल्लू आणणाऱ्यांनी हा आधीचा भागही ध्यानात ठेवावा.

एक गोष्ट डोळ्यांची. या जातीत आनुवंशिक दोषाने डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकू शकतं, बहुधा तीन ते आठ वर्षांच्या वयात. फार दुखतं, पण टेरियर दुखणं दाखवत नाही. तो फक्त चिडका होतो, खेळात दोरी हुकते, जिन्यात अडखळतो. शिकलेलं कुत्रं अचानक ऐकेनासं झालं तर शिस्त लावण्याआधी उजेडात त्याचे डोळे बघा. डोळा लाल, पाणावलेला किंवा धुरकट दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या; उशीर झाला तर आतला दाब वाढून दृष्टी कायमची जाते. या दोषाची डीएनए चाचणी होते. पिल्लू घेताना आई-बाप दोघांचा अहवाल मागा, आणि तो दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका.