पाचट जळतं, जातं कुठे?

उजनीच्या फुगवट्यालगत वांगी, कंदर, केत्तूर या करमाळा तालुक्यातल्या गावांत ऊस तुटला की फडात पाचट उरतं. ते पेटवण्यामागचे समज रसायनशास्त्राच्या हिशेबावर घासून पाहू. पाचटात लिग्निन, क्षार आणि ओलावाही असतो, पण मुख्य घटक सेल्युलोज. त्याचं पूर्ण ज्वलन असं:

सेल्युलोजचं १ एकक + ६ ऑक्सिजन → ६ कार्बन डायऑक्साइड + ५ पाणी

गैरसमज १: पाचट जळून नाहीसं होतं.
वस्तुस्थिती: अणू नष्ट होत नाहीत, त्यांची मांडणी बदलते. प्रक्रियेआधीचं आणि नंतरचं वस्तुमान सारखंच राहतं, हे लाव्हाझिए यांनी १७८९ च्या ग्रंथात मांडलं.

गैरसमज २: समीकरणात ६ आहे, म्हणजे किलोला ६ किलो ऑक्सिजन लागतो.
वस्तुस्थिती: हे आकडे मोल सांगतात, वजन नव्हे. वजनासाठी रेणुभाराने गुणावं लागतं. सेल्युलोजचं एकक १६२ ग्रॅम, ऑक्सिजन ६ × ३२ = १९२. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ६ × ४४ = २६४, पाणी ५ × १८ = ९०. दोन्ही बाजू ३५४. म्हणून किलोला ऑक्सिजन लागतो सुमारे १.१९ किलो.

गैरसमज ३: टनभर पाचटातून टनाहून जास्त वायू निघणारच नाही.
वस्तुस्थिती: निघतो. १,००० किलो कोरडं सेल्युलोज हवेतला १,१८५ किलो ऑक्सिजन घेतं आणि १,६३० किलो कार्बन डायऑक्साइड व ५५५ किलो वाफ देतं. जमा २,१८५, खर्चही २,१८५.

गैरसमज ४: फडातली आग समीकरणाबरहुकूम जळते.
वस्तुस्थिती: ढिगाच्या आत हवा पुरत नाही. मग विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी तयार होते, आणि ती आपल्याच वस्तीवर येते.

गैरसमज ५: राख रानातच राहते, म्हणजे खत मिळालं.
वस्तुस्थिती: राखेत पालाश, चुना, सिलिका उरतात. नत्राचा मोठा भाग उडून जातो. टनभर सेल्युलोजमधला ४४४ किलो कार्बनही जवळजवळ सगळा हवेत जातो. पाचट कुजताना सूक्ष्मजीवही बराच कार्बन हवेत सोडतात, पण काही भाग सेंद्रिय कर्ब होऊन मातीत टिकतो.

म्हणून खोडव्यात पाचटाची कुट्टी करून ती सरीत पसरावी, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. आच्छादनाने ओलही टिकते. पावसाची खात्री नसलेल्या या तालुक्यात तेवढा फायदासुद्धा मोठा आहे.