सायप्रस पॉइंट : समुद्रापलीकडचं ग्रीन

सोळाव्या होलच्या टीवर पायाखाली कातळ आणि समोर थेट पॅसिफिक महासागर. ग्रीन आहे ते खाडीपलीकडच्या टोकावर, सुमारे 230 यार्डांवर, बंकरांनी वेढलेलं. हे होल तीन फटक्यांचं, म्हणजे पहिलाच चेंडू पाण्यावरून पलीकडे गेला पाहिजे. वारा समोरून असला की भल्याभल्यांचे चेंडू लाटांत जातात.

कॅलिफोर्नियाच्या माँटेरे द्वीपकल्पावरचं सायप्रस पॉइंट हे गोल्फ मैदान 1928 साली सुरू झालं. त्यामागची धडाडी मेरियन हॉलिन्स यांची. 1921 साली त्यांनी अमेरिकेची महिलांची हौशी स्पर्धा जिंकली होती. आधीचे रचनाकार सेथ रेनर यांना एवढा लांबचा फटका अशक्य वाटत होता. तेव्हा हॉलिन्सबाईंनी तिथेच चेंडू ठेवला आणि पलीकडे मारून दाखवला. रेनर 1926 साली वारले आणि काम अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांच्याकडे आलं. या होलचं श्रेय आपलं नाही, हॉलिन्स यांचं आहे, असं मॅकेन्झींनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मला मात्र या होलची डावी बाजू जास्त मोलाची वाटते. तिकडे जमीन आहे. ज्याच्या मनगटात तेवढा जोर नाही त्याने डावीकडे छोटा फटका मारावा, तिथून ग्रीनवर यावं. फार तर एक फटका जास्त लागेल. धाडस करणाऱ्याला बक्षीस, पण कुणाचीही वाट अडवायची नाही, ही मॅकेन्झींची खरी कला.

मॅकेन्झी पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात त्यांनी शत्रूचे खंदक जमिनीत कसे बेमालूम मिसळतात ते पाहिलं होतं. इथले बंकर पाहताना ते आठवतं. वाळूच्या टेकड्यांतून, मग पाइन-सायप्रसच्या झाडीतून आणि शेवटी कड्यावर येणाऱ्या या मैदानात निसर्ग कुठे संपला आणि फावडं कुठे लागलं, ते चटकन कळत नाही. पाच फटक्यांची दोन होल लागोपाठ, तीन फटक्यांचीही दोन लागोपाठ. जमिनीने जे दिलं ते त्यांनी तसंच घेतलं. अठरावं होल त्यामानाने सामान्य आहे, हे चाहतेही मान्य करतात.

गोल्फपटू बॉबी जोन्स 1929 साली इथे खेळले. पुढे ऑगस्टा नॅशनल या मैदानाच्या आखणीसाठी त्यांनी मॅकेन्झींनाच बोलावलं.

रचनेतलं हे औदार्य दारापाशी मात्र दिसत नाही. सभासद मोजके, आणि बाहेरच्याला सभासदाच्या ओळखीशिवाय खेळता येत नाही. सभासदत्वातल्या वर्णभेदावरून 1990 साली वाद पेटला आणि व्यावसायिक स्पर्धांसाठी नवे नियम आले, तेव्हा 1947 पासून इथे होणाऱ्या स्पर्धेतूनच क्लबने अंग काढून घेतलं. हा निर्णय मला आजही खटकतो. सप्टेंबर 2025 मध्ये वॉकर चषकाच्या निमित्ताने हौशी खेळाडू इथे उतरले आणि जगभरच्या गोल्फप्रेमींना हे मैदान मनसोक्त पाहता आलं. असे सामने इथे वरचेवर व्हायला हवेत.