हिरवळीच्या खतातील नत्र भाताला केव्हा मिळते?

पंजाबात गव्हाची काढणी एप्रिलमध्ये आटोपते आणि भाताची लावणी जूनमध्ये सुरू होते. या मधल्या काळात पेरलेला धैंचा सहा ते आठ आठवड्यांचा असताना गाडल्यास भाताला एकरी २५ किलो नत्र कमी द्यावे, अशी पंजाब कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे सुमारे ५५ किलो युरियाची बचत. मात्र हे नत्र वेळेवर सुटले नाही, तर बचतीची किंमत उत्पादनात मोजावी लागते. म्हणूनच ते किती आहे याइतकेच ते केव्हा सुटते, हे मोजणे अगत्याचे ठरते.

त्यासाठीची जुनी व स्वस्त पद्धत जाळीदार पिशव्यांची. वाळवून तोललेला पाला नायलॉनच्या पिशव्यांत भरून मशागतीच्या थरात पुरतात. ठरावीक दिवसांनी काही पिशव्या काढून उरलेल्या अवशेषांचे वजन व त्यातील नत्र तपासतात. वजन घटले तितकेच नत्र सुटले, असे मात्र समजू नये. गव्हाच्या काडासारख्या नत्रहीन अवशेषांत सूक्ष्मजीव भोवतालच्या मातीतील नत्र ओढून घेतात आणि पिशवीतील नत्र काही काळ चक्क वाढलेले आढळते! बारीक जाळीतून गांडुळांना प्रवेश नाही, ही आणखी एक उणीव.

येथे कर्ब-नत्र गुणोत्तर निर्णायक ठरते. शुष्क पदार्थात कर्ब साधारण ४० टक्के धरला, तर २.५ टक्के नत्राच्या कोवळ्या धैंच्याचे गुणोत्तर १६ येते, ०.५ टक्के नत्राच्या काडाचे ८०. ते २५च्या आत असल्यास नत्र लवकर मोकळे होते. खोड कठीण होण्यापूर्वी धैंचा गाडावा, तो यासाठीच.

सुटलेल्या नत्राचा माग मातीत काढावा लागतो. ताजा नमुना पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात हलवून अमोनियम व नायट्रेट मोजतात. पाणी साचलेल्या खाचरात अमोनियम बऱ्यापैकी टिकते; त्यापूर्वी कोरड्या शेतात तयार झालेले नायट्रेट मात्र चिखलणीनंतर झिरपून किंवा विनत्रीकरणाने वायुरूपात निघून जाते. गाडणी आणि लावणी यांत फार दिवस जाऊ देणे म्हणूनच तोट्याचे.

सर्वांत नेमका, पण खर्चिक, मार्ग नत्र-१५ या समस्थानिकाचा. निसर्गातील नत्रात त्याचे प्रमाण जेमतेम ०.३७ टक्के असते. त्याने समृद्ध केलेला धैंचा गाडला, की त्यातील किती नत्र दाण्यात गेले आणि किती मातीत उरले, हे वेगळे दाखवता येते. मातीत उरलेला वाटा सेंद्रिय पदार्थांत राहून पुढील गव्हाला थोडाथोडा मिळतो.