कौलासारखं पान, पानाखालची ओल

झाडावर उगवलेल्या कुठल्याही परक्या रोपाला आपण सर्रास बांडगूळ म्हणून मोकळे होतो. बांडगूळ यजमान झाडाच्या फांदीत घुसून तिच्यातलं पाणी आणि क्षार ओढतं. अपिवनस्पती तसं काही करत नाही. सह्याद्रीतल्या आमरींप्रमाणे ती झाडाकडून फक्त जागा घेते. फिलिपिन्स आणि सुलावेसीच्या जंगलात खोडांवर चढणारी होया इम्ब्रिकाटा ही अशीच एक वेल. लॅटिनमध्ये ‘इम्ब्रेक्स’ म्हणजे कौल, आणि १८४४ साली नोंदलेलं हे नाव तिला शोभतं. तिची वाटोळी, फुगीर पानं खोडाला घट्ट चिकटून, कडा एकमेकींवर चढवत वर जातात. आता ही दुर्मिळ वेल हौशी बागकाम करणाऱ्यांच्या हाती येऊ लागली आहे आणि बहुतेक जण तिला सवयीने कुंडीत लावतात. माझ्या मते चूक इथेच होते, कारण ही वेल आपली कुंडी स्वतः घडवते.

पान उचलून पाहिलं तर हे लगेच कळतं. फुगीर पान आणि साल यांच्यामध्ये एक पोकळी राहते आणि मुळं तिथेच पसरतात. खोडावरून ओघळणारं पावसाचं पाणी आत झिरपतं, पण वरच्या पानामुळे ते लवकर वाळत नाही. रानात या पोकळीत मुंग्याही राहतात, तिथे काडीकचरा साठवतात. हा शेजार किती मोलाचा असतो, ते तिच्या नात्यातल्या डिस्किडिया मेजरवर झालेल्या आणि १९९५मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या अभ्यासातून दिसलं. मुंग्यांची वस्ती असलेल्या पानांमधला सुमारे ३९ टक्के कार्बन मुंग्यांच्या श्वासोच्छ्वासातून आलेला होता आणि झाडातला सुमारे २९ टक्के नत्र मुंग्यांनी आणलेल्या कचऱ्यातून. मातीवाचून ही झाडं खातात काय, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यात आहे.

मग घरात मुंग्या पाळायच्या का? मुळीच नाही. आपल्या घरातल्या मुंग्या पिठ्या ढेकणांच्या गोड स्रावासाठी त्या किडीची राखण करतात. फायदा दूरच, रोप मात्र खंगेल. मुंग्यांच्या खताची उणीव द्रवखताने भागते. पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या पाव भाग, तेही वाढीच्या दिवसांतच. पोकळीची उणीव मात्र खताने भरून निघत नाही. वेलीला चिकटायला खडबडीत पृष्ठभागच हवा: सालीसकट लाकडाची फळी, कॉर्कची साल किंवा नारळाचं सोडण. सोडणातले क्षार निघून जावेत म्हणून ते आधी काही दिवस पाणी बदलत भिजवायचं. फळीवर स्फॅग्नम शेवाळाचा पातळ थर, त्यावर मुळं असलेला तुकडा, वरून नायलॉनचा दोरा. पानाची पोकळ बाजू फळीकडे राहिली पाहिजे. तांब्याची तार टाळलेली बरी.

कुंडीतही होया छान वाढते, असा आक्षेप येईल. इतर अनेक होयांच्या बाबतीत तो खराच आहे. या वेलीची मुळंही मोकळ्या, सच्छिद्र मिश्रणात तग धरतील, पण पुढे वाढणाऱ्या फांदीला टेकायला काही नसेल तर पानाखाली पोकळी तयारच होत नाही, आणि ज्यासाठी ही वेल आणली तेच हरवतं. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. फळीवरचं रोप कुंडीपेक्षा कितीतरी लवकर सुकतं. पावसाळ्यातल्या कोकणात फवाऱ्याची गरज क्वचितच पडेल. विदर्भातल्या एप्रिलमध्ये मात्र उघड्या खिडकीत हा उद्योग करू नये. तिथे काचेची पेटी हवी, पण हवा खेळती ठेवून, कारण कोंडलेल्या ओलीत मुळं कुजतात. पाणी पानावर शिंपडून उपयोग नाही. फळीच्या वरच्या कडेला सोडलं की ते ओघळत पानांच्या आत पोचतं. उजेड भरपूर हवा, दुपारचं थेट ऊन नको.

रोप घेताना एक गोष्ट जरूर विचारावी: ते छाटापासून वाढवलं आहे की रानातून ओरबाडून आणलं आहे? सालीवरून खरवडताना पानाखालची मुळं तुटतात, आणि तसं रोप महागड्या फळीवर बांधलं तरी बऱ्याचदा जगत नाही. छाटापासून केलेलं रोप लहान दिसतं, पैसेही जास्त पडतात. तरी घ्यावं तेच. पहिले काही महिने त्यात फारसा बदल दिसणार नाही. नवं पान कडेसकट फळीला टेकलं की मुळं आत उतरू लागली, असं समजून दोरा सैल करावा.