तारेवरून झडते काय?

मेंदूच्या रक्तवाहिनीत शिरणारी गाइडवायर बहुधा ०.०१४ इंच, म्हणजे जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची असते. आत पोलादाचा किंवा निटिनॉल या मिश्रधातूचा गाभा, टोक क्ष-किरणांत दिसावे म्हणून प्लॅटिनमचे वेटोळे आणि वरून ओले होताच बुळबुळीत होणारे पॉलिमरचे कोटिंग. ती तुटू नये म्हणून प्रयोगशाळेत तिला ओढतात, पिळतात, वाकवतात. या चाचण्या सरळ आहेत: तार तुटली की दिसते. खरी कसोटी कोटिंगच्या झडणाऱ्या कणांची मोजणी करताना लागते, आणि सर्वाधिक लक्ष तिथेच द्यायला हवे असे मला वाटते.

मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची वळणे हुबेहूब उतरवलेल्या नळीत ३७ अंश सेल्सिअसचे पाणी खेळवतात. शस्त्रक्रियेतल्यासारखीच तार मायक्रोकॅथेटर नावाच्या बारीक नळीतून पुढेमागे सरकवतात. बाहेर येणारे पाणी प्रकाशझोतातून जाते आणि प्रत्येक कणाने अडवलेल्या प्रकाशावरून यंत्र त्याचा आकार ठरवते. १० आणि २५ मायक्रॉनपासून पुढचे कण वेगवेगळे मोजतात. पण कण वळणात बसतात, नळीला चिकटतात आणि हवेचा बुडबुडाही कण म्हणून मोजला जातो. म्हणून आधी ठरावीक संख्येचे कण मुद्दाम सोडून त्यांतले किती परत मिळतात ते पाहावे लागते. ही पडताळणी नसेल, तर कमी आकडा दिसला म्हणून तार चांगली ठरत नाही.

इंजेक्शनच्या द्रवातील कणांना औषधसंहितेची मर्यादा आहेच, तीच इथे लावा, असे कोणी म्हणेल. पण शिरेतून गेलेला कण आधी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीत सुटलेला थेट मेंदूत पोचतो. मग कोटिंगच नको, हा दुसरा आक्षेप. त्याने घर्षण वाढेल आणि नाजूक भिंतीला इजा होण्याचा धोकाही. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१५ मध्ये अशी कोटिंग्ज सुटत असल्याचा इशारा दिला, तोही उपकरणांचा वापर थांबवा असे न म्हणता. तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे: किती कणांनी किती इजा होते, हे नळीतल्या पाण्यावरून कळत नाही. म्हणून नव्या तारेचा आकडा आधीपासून बाजारात असलेल्या तारेशी ताडून पाहतात. ही तुलना उपयोगी आहे, पण जुनी तारच भरपूर कण सोडत असेल, तर नवी तिच्याइतकीच सुरक्षित ठरते, एवढेच त्यातून सिद्ध होते.