केशकालचे बारा भांवर आणि जपानची उतरण

भिलाईच्या सेक्टर 2 मधील सडका सरळ आहेत आणि एकमेकींना काटकोनात भेटतात. येथे सायकल शिकलेल्या मुलाला वळण म्हणजे चौक एवढेच ठाऊक असते. म्हणूनच सुट्टीत जगदलपूरला निघालेली गाडी बालोद, पुरूर व कांकेर मागे टाकून केशकालच्या पायथ्याशी येते, तेव्हा मागे बसलेली मंडळी सावरून बसतात. महानदीच्या खोऱ्यातून बस्तरच्या पठारावर चढणारा हा राष्ट्रीय महामार्ग 30 चा घाट ‘बारा भांवर’ म्हणून ओळखला जातो. विवाहवेदीभोवतीच्या फेऱ्यालाही हिंदीत भांवरच म्हणतात. नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे!

हल्ली हा घाट पाहून आपल्या चिरंजीवांना जपानमधील हारूना पर्वत आठवला, तर आश्चर्य मानू नका. गुन्मा प्रांतातील या पर्वताचा नागमोडी रस्ता शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेने (1995 ते 2013) ‘आकिना’ या कल्पित नावाने जगभर पोहोचविला. रात्री उतारावरून मोटार भरधाव सोडावयाची आणि वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवीत ती तिरपी न्यावयाची, असा तो खेळ.

उतारच का, असे आपण विचाराल. चढणीवर बलवान इंजिनाची गाडी जिंकते. उतारावर मात्र वेग पृथ्वीच देते, त्यामुळे जुनी, साधी मोटारही चालकाच्या कौशल्यावर पुढे जाते. शिवाय ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाके हलकी होतात व रस्त्यावरील पकड सहज सोडतात. परंतु कथेतील मोटारीचे इंजिन मागची चाके फिरविते. आपल्या दाराशी उभ्या असणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत ते पुढची चाके ओढते. अशा गाडीत हातब्रेक खेचून तीच करामत करू जाणारा गिरकी घेईल. ती कोठे थांबेल हे मात्र त्याच्या हाती राहणार नाही.

केशकालच्या वळणांत तर समोरून बहुधा मालाने लादलेला ट्रक येत असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. उतारावर त्याहूनही अधिक. ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापतात व त्यांचा जोर ओसरतो. म्हणून जाणता चालक घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी आवरावयास लावतो. मला विचाराल तर खरे कौशल्य हेच, मग त्याची चित्रकथा कोणी काढो वा न काढो.

जपानमध्येही सार्वजनिक घाटांतील या शर्यती बेकायदेशीरच आहेत. ही विद्या तेथे बंदिस्त धावपट्टीवरील रीतसर स्पर्धांत गेली, त्यालाही आता दोन दशके उलटली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 189 राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून रस्त्यावर शर्यत लावू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

घाटात तेलीन मातेचे मंदिर आहे. तेथे ट्रकचालक थांबतात, हात जोडतात. चिरंजीवांना तेथे उतरवून थोडा वेळ नुसते पाहू द्या: अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावयाची असते, आणि ती कोण कशी देतो.