विश्लेषण : डाउन सिंड्रोम कशामुळे होतो? त्याला आई जबाबदार असते का?

‘गरोदरपणात ग्रहण पाळले नव्हते का?’, ‘काही भलतेसलते खाल्ले होते का?’ डाउन सिंड्रोम असलेले बाळ जन्मले की असे प्रश्न आईलाच विचारले जातात. प्रत्यक्षात ग्रहणाचा किंवा गरोदरपणातल्या खाण्यापिण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. मग कारण काय?

डाउन सिंड्रोम म्हणजे काय?
आपल्या पेशींमध्ये साधारणपणे गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये लक्षणांचे वर्णन केले. जादा गुणसूत्राचा शोध मात्र १९५९ मध्ये फ्रान्समध्ये लागला.

जादा गुणसूत्र येते कुठून?
सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना ही जोडी वेगळी होत नाही. दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजात जातात आणि गर्भात त्यांची संख्या तीन होते. ही चूक बहुतांश वेळा स्त्रीबीजात घडते, पण ती कुणाच्या वागण्यामुळे होत नाही. तीन ते चार टक्के मुलांमध्ये २१ व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो. हा बदल कधी आईकडून, तर कधी वडिलांकडून येऊ शकतो. उरलेल्या मोजक्या मुलांच्या काही पेशींमध्येच जादा गुणसूत्र असते.

आईच्या वयाचा संबंध आहे?
आहे. आईचे वय २५ असताना ही शक्यता साधारण १,२०० मध्ये एक, ३५ व्या वर्षी ३५० मध्ये एक आणि ४० व्या वर्षी १०० मध्ये एक असते. तरीही तरुण मातांनाही अशी बाळे होतात.

तपासणी कधी करतात?
गरोदरपणाच्या ११ ते १४ आठवड्यांत सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी होते. त्यातून केवळ शक्यता समजते. निश्चित निदानासाठी वार किंवा गर्भजलाचा नमुना तपासावा लागतो.

जन्मानंतर काय करावे?
बाळाची कॅरिओटाइप ही रक्ततपासणी करावी. गुणसूत्र जोडलेले आढळल्यास पुढच्या गरोदरपणाआधी आई-वडील दोघांचीही तपासणी गरजेची असते. जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून टूडी इको टाळू नये. थायरॉइड, कान आणि डोळेही तपासावेत. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लवकर सुरू झाल्यास मूल चालायला, बोलायला, शिकायला लागते. त्यामुळे दोष कुणाचा हे शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा बाळाला वेळेत डॉक्टरांकडे नेणे महत्त्वाचे.